लोक येतात, बघतात अन् निघून जातात! ऑनलाइन दुकानातला ‘बघ्या’ गिऱ्हाईक कसा होईल?

बुलढाणा : जिल्ह्यात घाटावर असो की घाटाखाली, आज अनेक गावांत कुणी ना कुणी मोबाइलवरून काहीतरी विकतंय. कुठे बचत गटाचे पापड-कुरडया, कुठे घरची हळद अन् काळा मसाला, कुठे तूरडाळ, कुठे संत्री. कुणी व्हॉट्सअॅप बिझनेसवर कॅटलॉग टाकला, कुणी इन्स्टाग्रामवर रील बनवली, तर कुणी पैसे खर्चून स्वतःची वेबसाइट करून घेतली. सुरुवातीला उत्साह मोठा असतो. बघणारे वाढतात, लाइक येतात, ‘कितीले हाय?’ असे मेसेजही येतात. पण महिनाअखेर हिशोब मांडला की कळतं, बघितलं शेकडो लोकांनी, घेतलं मात्र पाच-सहा जणांनीच.

मग पहिला विचार येतो तो भाव कमी करायचा किंवा जाहिरातीवर आणखी पैसे टाकायचा. या दोन्हींत खिशाला चाट बसते. बहुतेक वेळा अडचण भावाची नसते अन् जाहिरातीचीही नसते. गिऱ्हाइकाच्या मनात काही साधे प्रश्न असतात, त्यांची उत्तरं दुकानात सापडत नाहीत म्हणून ते निघून जातं. ती उत्तरं आधीच समोर ठेवली अन् पैसे भरायची वाट सोपी केली, तर तेवढ्याच बघणाऱ्यांमधून जास्त विक्री होऊ शकते. हे कसं करायचं ते पाहू.

आधी मोजा : शंभरातले किती घेतात?

आठवडी बाजारात दुकान लावलं की गिऱ्हाईक डोळ्यांसमोर असतं. ते माल हातात घेऊन बघतं, वास घेतं, घासाघीस करतं. परत जायला निघालं तर ‘या ताई, किती घेता ते तर सांगा’ म्हणून थांबवता येतं. ऑनलाइन दुकानातून गिऱ्हाईक कधी आलं अन् कधी गेलं ते कळतही नाही. म्हणून इथे मोजणं महत्त्वाचं.

समजा, एका महिन्यात १००० लोकांनी कॅटलॉग उघडला. त्यातल्या १०० जणांनी भाव विचारला. ४० जणांनी ‘पाठवा’ म्हटलं अन् प्रत्यक्ष पैसे १५ जणांनी दिले. म्हणजे हजारातून १५, शंभरातून दीड. हा आकडा एका वहीत लिहून ठेवा : बघितलं किती, विचारलं किती, हो म्हटलं किती, पैसे दिले किती.

ठिबकच्या नळीसारखं हे आहे. शेवटच्या झाडाला पाणी पोचत नसेल तर शहाणा शेतकरी लगेच मोठी मोटर आणत नाही, आधी नळी कुठे फुटली ते बघतो. वहीतले चार आकडे ही गळतीची जागा दाखवतात. हजार बघतात पण विचारतात दहाच, तर फोटो अन् माहितीत खोट आहे. शंभर विचारतात पण ‘हो’ म्हणणारे पाचच, तर भाव, कुरिअरचा खर्च किंवा भरवसा यात अडचण आहे. ‘हो’ म्हणून पैसेच देत नाहीत, तर पैसे भरायची वाट अवघड आहे.

ही गळती फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. ऑनलाइन खरेदीचा अभ्यास करणाऱ्या ‘बेमार्ड इन्स्टिट्यूट’ या संस्थेच्या आकडेवारीनुसार, वस्तू कार्टमध्ये टाकणाऱ्या दर १०० जणांपैकी सुमारे ७० जण पैसे न भरताच निघून जातात. मोठमोठ्या कंपन्यांचीही हीच गत. त्यांतले काही नुसतेच बघायला आलेले असतात, त्यांचं काही करता येत नाही. पण बाकीच्यांनी सांगितलेल्या कारणांत सगळ्यात वरचं कारण एकच : शेवटच्या क्षणी वाढलेला खर्च, म्हणजे डिलिव्हरी, टॅक्स अन् इतर चार्जेस.

जाहिरातीआधी गळती बुजवा

फेसबुकवर पोस्ट ‘बूस्ट’ करण्याआधी हा हिशोब करून बघा. समजा, ५०० रुपये टाकले अन् २०० लोक दुकानात आले. त्यातल्या फक्त दोघांनी माल घेतला, तर एक गिऱ्हाईक आणायला २५० रुपये लागले. एका ऑर्डरमागे नफा ८० रुपये असेल, तर प्रत्येक ऑर्डरला १७० रुपये घरचे गेले. जितकी जाहिरात जास्त, तितका तोटा जास्त.

आता तेच २०० लोक, तेच ५०० रुपये, पण दुकान नीट मांडल्यामुळे आठ जणांनी माल घेतला असं समजा. एका गिऱ्हाइकामागे खर्च साडेबासष्ट रुपये. आता ८० रुपयांतून थोडे का होईना, हातात उरतात.

बचत गटासाठी हा हिशोब फार मोलाचा आहे. गटाचे पैसे म्हणजे दहा-बारा घरांतली बचत अन् बँकेचं कर्ज. जाहिरातीत गेलेले पैसे परत येत नाहीत, कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला येतो. त्यामुळे ‘हजारो फॉलोअर मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी आपल्या वहीतले चार आकडे बघा.

पहिला प्रश्न : हे नेमकं काय आहे?

ऑनलाइन गिऱ्हाइकाला वास येत नाही, चव कळत नाही. त्याच्यासाठी फोटो अन् चार ओळी हाच माल. इंटरनेटवरून उचललेला चकचकीत फोटो टाकला तर भरवसा तिथेच तुटतो, कारण तोच फोटो त्याने आणखी दहा ठिकाणी पाहिलेला असतो.

फोटो स्वतःच्या मालाचाच हवा. सकाळच्या उजेडात, दाराजवळ किंवा ओसरीत, साध्या एकरंगी कापडावर काढला तरी चालतो. एक फोटो पूर्ण पाकिटाचा, एक माल जवळून दिसेल असा अन् एक आकार कळेल असा, म्हणजे पापड हातात धरलेला. लेबल वाचता येईल असा वेगळा फोटो घ्या. दहा-पंधरा सेकंदांचा साधा व्हिडिओ, पापड तळताना फुलतोय किंवा हळद दळली जातेय, पुष्कळ काही सांगून जातो.

माहिती लिहिताना ‘उत्कृष्ट दर्जा, अप्रतिम चव’ असं सगळेच लिहितात, त्यातून काही कळत नाही. त्याऐवजी असं लिहा : ‘उडीद पापड, ५०० ग्रॅम, अंदाजे ४० नग. मिरे अन् हिंग घातलेले, लाल तिखट नाही. उन्हात वाळवलेले. बंद डब्यात चार महिने टिकतात.’ अर्थात जे खरं असेल तेच लिहायचं. किती नग, किती तिखट, किती दिवस टिकतं, हे गिऱ्हाईक हमखास विचारतं. लिहून ठेवलं तर विचारायची गरज उरत नाही.

आणखी एक गोष्ट. घरात करता येतात म्हणून पंचवीस प्रकार कॅटलॉगमध्ये टाकू नका. अमेरिकेत एका दुकानात जॅमच्या बाटल्या मांडून केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. शीना अय्यंगार अन् मार्क लेपर या संशोधकांनी तो २००० साली प्रसिद्ध केला. २४ प्रकार मांडले तेव्हा जास्त लोक थांबले, पण थांबलेल्यांपैकी सुमारे ३ टक्केच लोकांनी विकत घेतलं. ६ प्रकार मांडले तेव्हा थांबलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के लोकांनी घेतलं. दर वेळी एवढा फरक पडेल असं नाही, पण फार पर्याय दिसले की माणूस ‘नंतर बघू’ म्हणतो, हा अनुभव साडीच्या दुकानातही येतो. आपले सगळ्यात चांगले पाच-सहा प्रकार वर ठेवा अन् एक तयार जोड करा, उदाहरणार्थ ‘उन्हाळी वाळवण : पापड, कुरडई, शेवया एकत्र’. निवड सोपी झाली की निर्णयही लवकर होतो.

दुसरा प्रश्न : घरपोच एकूण किती?

‘पापड ३२० रुपये किलो’ असं लिहिलं. गिऱ्हाईक हो म्हणालं. मग सांगितलं की कुरिअरचे ८० वेगळे अन् पॅकिंगचे २० वेगळे. झाले ४२०. गिऱ्हाइकाला वाटतं, आपल्याला फसवलं. ते काही बोलत नाही, फक्त उत्तर देणं बंद करतं.

तेच सुरुवातीलाच ‘महाराष्ट्रात घरपोच ४२० रुपये, यात सगळं आलं’ असं लिहिलं तर ज्याला परवडत नाही तो आधीच जातो अन् ज्याला परवडतं तो शेवटपर्यंत टिकतो. पैसे तेवढेच, पण मनातला खटका जातो.

कुरिअरचा भार हलका करायची साधी रीतही आहे. एक किलो पाठवा किंवा दोन किलो, पॅकिंगचा अन् धावपळीचा त्रास जवळपास तेवढाच, कुरिअरचा खर्चही बहुधा दुप्पट होत नाही. म्हणून ‘दोन किलो घेतल्यास घरपोच ७६० रुपये’ असा दर ठेवता येतो. मात्र दर ठरवण्याआधी पोस्टात किंवा कुरिअरच्या काउंटरवर पॅक केलेल्या पार्सलचं वजन करून घ्या. डबा, कागद, चिकटपट्टी धरून वजन वाढतं अन् अंदाज चुकला तर फरक आपल्या खिशातून जातो.

तिसरा प्रश्न : तुम्ही कोण, भरवसा काय?

शेगाव स्टेशनवर उतरलेल्या माणसाला शेगावची कचोरी काय असते हे सांगावं लागत नाही. खामगावच्या चांदीलाही जिल्ह्याबाहेर नाव आहे. हा भरवसा वर्षानुवर्षांच्या व्यवहारातून आला. पण पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात बसलेल्या माणसाने तुमचं नाव कधी ऐकलेलं नसतं. मोबाइलवर रोज फसवणुकीच्या बातम्या वाचणारा तो माणूस अनोळखी नंबरला आधी पैसे का पाठवील?

म्हणून दुकानात स्वतःची ओळख ठळक हवी : गटाचं किंवा व्यवसायाचं नाव, गाव, तालुका, फोनवर बोलायची वेळ, माल बनवणाऱ्यांचा एक खरा फोटो. खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर अन् कॅटलॉगमध्येही. जुन्या गिऱ्हाइकांचे अभिप्राय टाकायचे तर त्यांना विचारूनच टाका अन् त्यांचा फोन नंबर झाका. अभिप्राय खोटे लिहू नका, कारण पाचही अभिप्राय एकाच भाषेत लिहिलेले असले की ते ओळखू येतात.

भरवसा कमावायला किती मेहनत घ्यावी लागते, हे देवगडच्या हापूसवरून दिसतं. देवगड हापूसचं नाव मोठं, म्हणून दुसरीकडचा आंबाही त्याच नावाने विकला जायचा. ग्राहकाला खरा-खोटा ओळखता येईना. शेवटी देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामापासून आंब्यावर वेगळा क्रमांक असलेलं स्टिकर लावायची पद्धत आणली. तो क्रमांक व्हॉट्सअॅपवरून तपासता येतो. ग्राहकाच्या मनात नेमकी जी शंका होती, तिचंच उत्तर फळावर चिकटवून दिलं.

दुसरं उदाहरण पुणे जिल्ह्यातलं. इंदापूर तालुक्यातल्या भोडणी गावचे सत्यजित अन् अजिंक्य हंगे हे भाऊ बँकेतल्या नोकऱ्या सोडून शेतीत आले. ‘टू ब्रदर्स ऑरगॅनिक फार्म्स’ या नावाने ते तूप, गूळ, खपली गव्हाचं पीठ असा माल थेट ग्राहकांना ऑनलाइन विकतात. बाजारातल्या साध्या मालापेक्षा त्यांचा भाव जास्त आहे, तरी लोक घेतात. माल कुठे अन् कसा तयार होतो ते त्यांनी लोकांपुढे उघडं ठेवलं, शेत बघायलाही लोकांना येऊ दिलं.

छोट्या गटाला एवढा व्याप करता येणार नाही, पण त्यांची रीत घेता येते. हळद कोणत्या शेतातली, कुठे दळली, पॅकिंग कोणत्या तारखेचं, एवढं तीन ओळींत लिहायला पैसे लागत नाहीत.

चौथा प्रश्न : कधी मिळेल, अन् खराब निघालं तर?

‘लवकर पाठवतो’ या शब्दाला काही अर्थ नाही. ‘सोमवार अन् गुरुवारी पार्सल टाकतो, पुण्याला साधारण चार ते सहा दिवस लागतात’ हे उत्तर आहे. दोन दिवस जास्तीचेच सांगा. सहा सांगून पाचव्या दिवशी पोचलं तर गिऱ्हाईक खूश, तीन सांगून पाचव्या दिवशी पोचलं तर तक्रार. माल तोच अन् दिवसही तेवढेच. पार्सल टाकलं की पावतीवरचा ट्रॅकिंग नंबर लगेच पाठवा.

परतीची अट दोन वाक्यांत लिहा : ‘पाकीट फुटलेलं निघालं तर २४ तासांत फोटो पाठवा. बदलून देऊ किंवा पैसे परत करू.’ अनेकांना भीती वाटते की असं लिहिलं तर सगळेच परत करतील. प्रामाणिक माल असेल तर तसं सहसा होत नाही. उलट हे वाक्य वाचून घाबरणारा नवा माणूस पहिली ऑर्डर द्यायला तयार होतो. पापड-कुरडया वाटेत तुटतात, तेव्हा पुठ्ठ्याच्या डब्यात मोकळी जागा न ठेवता रद्दी कागद भरून पॅक करा. पॅकिंगवर घातलेले दहा रुपये परतीचे शंभर वाचवतात.

पैसे भरायची वाट सोपी आहे का?

आता गिऱ्हाईक तयार झालं. इथून पुढे प्रत्येक जास्तीची पायरी म्हणजे एक संधी गमावणं. ‘आधी अॅप डाउनलोड करा, अकाउंट उघडा, ओटीपी टाका, मग फॉर्म भरा’ असं सांगितलं की निम्मे लोक तिथेच थकतात.

वेबसाइट असेल तर ती आधी आपल्याच गावात, साध्या मोबाइलवर, कमी नेटवर्कमध्ये उघडून बघा. पान उघडायला तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर मोबाइलवरचे निम्म्याहून अधिक, म्हणजे ५३ टक्के लोक पान सोडून जातात, असं गुगलने काही वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. वेबसाइट जड होण्याचं नेहमीचं कारण मोठे फोटो. ते बनवणाऱ्याकडून लहान करून घ्या.

व्हॉट्सअॅपवरच विकत असाल तर नाव, पूर्ण पत्ता, पिनकोड अन् फोन एवढंच मागा. ऑर्डर पक्की झाली की एकूण रक्कम लिहून यूपीआय आयडी किंवा क्यूआर लगेच पाठवा. क्यूआर स्कॅन केल्यावर दिसणारं नाव अन् दुकानाचं नाव एक असेल तर उत्तम. गटाचं खातं असताना क्यूआर कुणाच्या तरी मुलाच्या नावाचा निघाला, तर गिऱ्हाईक बिचकतं. त्यातून गटाच्या हिशोबातही पुढे भांडणं होतात.

कॅश ऑन डिलिव्हरी द्यावी का?

‘माल हातात आल्यावर पैसे’ ही पद्धत आपल्याकडे नवी नाही. पूर्वी पुस्तकं अन् औषधं पोस्टाने व्हीपीने यायची, पोस्टमनला पैसे देऊन पार्सल सोडवलं जायचं. नव्या गिऱ्हाइकाला यात भरवसा वाटतो हे खरं, पण विकणाऱ्यासाठी जोखीम आहे.

समजा, २० पार्सल कॅश ऑन डिलिव्हरीने पाठवली. १५ जणांनी घेतली, पाच परत आली. प्रत्येक ऑर्डरमागे नफा ६० रुपये धरला तर १५ ऑर्डरींचे झाले ९००. परत आलेल्या प्रत्येक पार्सलचा जाण्या-येण्याचा खर्च १६० रुपये धरला तर गेले ८००. एवढी मेहनत करून हातात १०० रुपये.

म्हणून मधला मार्ग बरा. पहिल्या वेळी लहान ऑर्डरलाच ही सोय द्या. पार्सल टाकण्याआधी फोन करून पत्ता अन् होकार पक्का करा. किंवा कुरिअरपुरते पैसे आधी घ्या अन् बाकीचे माल मिळाल्यावर. आधी पूर्ण पैसे देणाऱ्याला २० रुपये सूट दिली तरी ती परतीच्या खर्चापेक्षा स्वस्त पडते.

‘कितीले हाय?’ला उत्तर कसं द्यावं?

शेतात किंवा स्वयंपाकात असताना मेसेज येतो. संध्याकाळी उत्तर देईपर्यंत गिऱ्हाइकाने दुसरीकडून घेतलेलं असतं. व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये यावर सोय आहे. ‘क्विक रिप्लाय’ म्हणजे नेहमीची उत्तरं आधीच लिहून ठेवता येतात. ‘अवे मेसेज’ म्हणजे आपण नसताना आपोआप जाणारं उत्तर. ‘लेबल’ लावून नवीन ग्राहक, पैसे बाकी, पैसे आले अशी विभागणी करता येते.

पुण्याहून एका ताईंनी विचारलं, ‘पापड कसे दिले?’ त्यावर नुसतं ‘३२०’ असं उत्तर गेलं तर बोलणं तिथेच संपतं. तेच उत्तर असं देता येईल :

‘नमस्कार ताई. उडीद पापड एक किलो, पुण्याला घरपोच ४२० रुपये, सगळा खर्च धरून. अंदाजे ८० नग असतात. गुरुवारी पार्सल टाकलं तर सोमवार-मंगळवारपर्यंत पोचेल. तुटके निघाले तर बदलून देऊ. एक किलो पाठवू की दोन?’

या एका मेसेजमध्ये बहुतेक प्रश्नांची उत्तरं आली अन् शेवटी एक सोपा प्रश्न आला. त्याचं उत्तर एका शब्दात देता येतं. हो म्हणूनही पैसे न देणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी एकदाच नम्रपणे विचारा : ‘ताई, गुरुवारच्या पार्सलमध्ये तुमचं नाव ठेवू का?’ पुन्हा पुन्हा मागे लागू नका. रोज सकाळी ‘सुप्रभात’सोबत जाहिरात पाठवली तर लोक नंबर ब्लॉक करतात.

खोटी घाई नको, कायदाही आडवा येतो

‘फक्त दोनच नग उरले’, ‘ऑफर संपायला दहा मिनिटं’ असं खोटंच लिहून विकणारे बरेच आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ फसव्या पद्धतींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. खोटी घाई करणं, न विचारता कार्टमध्ये वस्तू टाकणं, शेवटी लपवलेले चार्जेस लावणं हे सगळं त्यात येतं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतही विक्रेत्याची ओळख, एकूण किंमत अन् परतीची अट ग्राहकाला स्पष्ट सांगावी असं म्हटलं आहे. म्हणजे वर सांगितलेल्या चार उत्तरांतला मोठा भाग कायदाही मागतो.

बंद पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, निव्वळ वजन, तयार केल्याचा महिना-वर्ष, सर्व करांसह एमआरपी अन् तक्रारीसाठी संपर्क हवा. जीएसटीबाबत १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्यांना थोडी सवलत आहे. उलाढाल मर्यादेच्या आत असेल अन् माल राज्याच्या आतच विकायचा असेल, तर जीएसटी नोंदणीशिवाय, फक्त एनरोलमेंट क्रमांक घेऊन ई-कॉमर्स पोर्टलवर माल विकता येतो. करपात्र माल परराज्यात पाठवायचा असेल तर आधी कर सल्लागाराला विचारा.

बचत गटांना स्वतःची वेबसाइट करायलाच हवी असं नाही. केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाचं ई-सरस अन् राज्यातल्या उमेद अभियानाचं उमेदमार्ट ही गटांच्या मालासाठीचीच दुकानं आहेत. पंचायत समितीतल्या उमेदच्या तालुका कक्षात चौकशी करता येते. मात्र तिथेही फोटो, माहिती अन् वेळेवर पार्सल ही कामं आपलीच.

विकणाऱ्यालाही फसवतात

मोठी ऑर्डर देतो म्हणून फोन येतो. ‘आगाऊ पैसे पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असं सांगितलं जातं. लक्षात ठेवा, पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉटही खोटा बनवता येतो, तेव्हा खात्यात रक्कम जमा झालेली बघूनच पार्सल टाका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळायची आशा कमी.

पहिल्यापेक्षा दुसरी ऑर्डर सोपी

ज्याने एकदा माल घेतला अन् तो आवडला, त्याला पुन्हा विकायला जाहिरात लागत नाही. भरवसा आधीच बसलेला असतो. म्हणून पार्सल पोचल्यावर दोन दिवसांनी एक फोन करा : ‘माल नीट पोचला का? तिखट बरोबर आहे का?’ तक्रार असेल तर ती आधी आपल्याला कळते, चारचौघांत जात नाही.

वहीत गिऱ्हाइकाचं नाव, काय घेतलं अन् कधी घेतलं ते लिहा. एक किलो मसाला चार माणसांच्या घरात साधारण किती महिने पुरतो याचा अंदाज आपल्या घरच्या बाईला असतोच. तो संपायच्या सुमारास एक मेसेज पाठवा. व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट वापरत असाल तर ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो मेसेज जातो, म्हणून पार्सलमध्ये ‘आमचा नंबर सेव्ह करा’ अशी चिठ्ठी टाका.

नोकरीसाठी बाहेरगावी गेलेली जिल्ह्यातली माणसं हे तर हक्काचं गिऱ्हाईक. वऱ्हाडी चव त्यांना समजावून सांगावी लागत नाही. उन्हाळ्यात वाळवणाच्या वेळी अन् दिवाळीच्या महिनाभर आधी त्यांच्यापर्यंत पोचलं, तर त्यांच्याकडून शेजाऱ्यांपर्यंत नाव जातं.

या आठवड्यात करायची सात कामं

१. मागच्या महिन्याचे चार आकडे वहीत लिहा : बघितलं, विचारलं, हो म्हटलं, पैसे दिले.

२. सगळ्यात जास्त खपणाऱ्या तीन वस्तूंचे फोटो सकाळच्या उजेडात नव्याने काढा.

३. प्रत्येक वस्तूपुढे वजन, नग, टिकण्याचे दिवस अन् घरपोच एकूण किंमत लिहा.

४. गटाचं नाव, गाव, परवाना क्रमांक अन् परतीची अट कॅटलॉगमध्ये टाका.

५. पार्सल टाकायचे दोन वार ठरवा अन् ते पाळा.

६. भावाच्या मेसेजचं पूर्ण उत्तर क्विक रिप्लायमध्ये भरून ठेवा.

७. दुकान न पाहिलेल्या एखाद्या नातेवाइकाला मोबाइल द्या अन् ‘ऑर्डर करून दाखव’ म्हणा. आपण काही सांगायचं नाही, फक्त बघायचं. तो जिथे अडेल, तिथेच गिऱ्हाईकही अडतं.

महिनाभराने पुन्हा तेच चार आकडे लिहा. हजारातून १५ ऐवजी २५ जणांनी पैसे दिले असतील, तर जाहिरातीवर एक रुपयाही न वाढवता विक्री दीडपटीहून जास्त झाली. आकडा हलला नसेल तर चारांपैकी कोणत्या पायरीवर लोक गळतात ते बघा अन् पुढच्या महिन्यात तेवढी एकच गोष्ट बदला. एकाच वेळी सगळं बदललं तर कशाने फरक पडला ते कळत नाही.